सहीच्या आधी

२०१९ साली बीड जिल्हा देशभर गाजला तो ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांमुळे. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती गोळा झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. बीडमधल्या कितीतरी जणींचं ऑपरेशन चाळिशीच्या आत झालेलं होतं.

या प्रकरणावर पुढे पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एक खाडा झाला तरी कापले जाणारे पैसे, फडाजवळ ना न्हाणी ना संडास, आणि ऑपरेशनला तयार बसलेले काही खासगी दवाखाने. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्या गर्दीत एक गोष्ट मागे पडली. या बायकांना कुणी काहीच सांगितलं नव्हतं, असं नाही. पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर पुढे कॅन्सर होईल, असं आपल्याला सांगितल्याचं अनेकींनी नंतर सांगितलं आहे.

सांगायचं राहिलं ते वेगळंच. अंगावरून पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं पुष्कळदा जंतुसंसर्गामुळे असतं आणि औषधांनी बरं होतं, हे राहिलं. पाळीत फार रक्त जात असेल तर त्यावर गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन असतं, हे राहिलं. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची शंका असेल तर ती आधी तपासता येते आणि ती तपासणी काही मिनिटांची असते, हेही राहिलं. पिशवीबरोबर बीजकोश काढले तर रजोनिवृत्ती एकदम येते, अंगातून वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होऊ लागतात. आणि डोक्यावर मोळ्या वाहून धरलेली कंबर पिशवी काढल्याने सुटत नाही.

हातात आलेल्या अर्ध्या माहितीवर या बायकांनी घेतलेला निर्णय त्या माहितीपुरता शहाणपणाचाच होता. मुलंबाळं झालेली, हंगाम तोंडावर आलेला, दुखणं रोजचं आणि वर कॅन्सरची भीती. अशा वेळी कुणीही ‘काढूनच टाका’ म्हटलं असतं. त्यांच्यावर अडाणीपणाचा शिक्का मारून मोकळं होण्यात अर्थ नाही. पुण्या-मुंबईतला पदवीधर पेशंट फार निराळं वागतो असं मला दिसलेलं नाही. त्याच्या हातातली अर्धी माहिती इंग्रजीत असते, एवढाच फरक.

हे पुस्तक त्या उरलेल्या अर्ध्या माहितीचं आहे. कुठल्या आजारावर कुठलं औषध, हे सांगणारी पुस्तकं मराठीत कमी नाहीत. घराघरांत बटव्याची औषधं सांगणारी पुस्तकं आहेत, दिवाळी अंकांत डॉक्टरांचे लेख असतात, रविवारच्या पुरवणीत मधुमेह आणि गुडघेदुखी आलटून पालटून येतात. डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ने डॉक्टर स्वतः पेशंट झाला की आजाराकडे कसा बघतो, हे मराठी वाचकांना दाखवलं. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी डॉक्टरांनाच बोलतं करून वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांवर लिहिलं. या दोन्हींच्या मधली एक जागा मात्र मोकळी होती. डॉक्टर प्रामाणिक आहे, पेशंटचा त्याच्यावर विश्वास आहे, आणि तरीही समोर दोन-तीन वाटा आहेत. त्यांतली आपली कोणती, हे ठरवायचं कसं? त्या जागेवर हे पुस्तक उभं आहे. ते डॉक्टरांवर संशय घ्यायला शिकवत नाही आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवायलाही सांगत नाही.

अर्धी माहिती अनेक रूपांत येते. तिचं सगळ्यात फसवं रूप म्हणजे आकडा. १९९५च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये सरकारी समितीने डॉक्टरांना कळवलं की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. माध्यमांनी तो ‘शंभर टक्के वाढ’ म्हणून घरोघर पोचवला. आकडा खरा होता. पण कशाच्या दुप्पट, हे फारसं कुणी सांगितलं नाही. जुन्या गोळ्या घेणाऱ्या सात हजार बायकांत साधारण एकीला गुठळी होत असे. नव्या गोळ्यांमुळे ती संख्या सात हजारांत दोन झाली होती. घाबरून बायकांनी गोळ्या बंद केल्या, नको असलेली गर्भारपणं आली आणि पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपातांची संख्या सुमारे १३ हजारांनी वाढली. त्यात गंमत अशी, की गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा गर्भारपणात अधिक असतो. गेर्ड गिगेरेन्झर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हे उदाहरण वारंवार देतात, आणि त्यावर त्यांचा उपाय अगदी साधा आहे. टक्के सोडा, माणसं मोजा. औषध न घेणाऱ्या हजार जणांत किती जणांना त्रास होतो आणि घेणाऱ्या हजारांत किती जणांना, एवढं विचारा. या पुस्तकातल्या आकड्यांच्या प्रकरणात हीच रीत शेवटपर्यंत पाळली आहे. रक्तदाबाची गोळी असो, कोलेस्टेरॉलची असो की लस असो, प्रत्येक ठिकाणी माणसं मोजून दाखवली आहेत. गणिताची धास्ती असलेल्यांनीही ते प्रकरण टाळू नये.

दुसरं रूप म्हणजे इलाज काय करतो ते सांगायचं आणि काय करत नाही ते गाळायचं. हृदयाच्या स्टेंटचं उदाहरण घ्या. हार्ट अटॅक चालू असताना बंद पडलेली रक्तवाहिनी ताबडतोब उघडली तर जीव वाचतो. तिथे चर्चेला वेळ नसतो आणि काढूही नये. पण चालताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं आणि हे बरेच महिने तसंच चाललंय, अशा स्थिर दुखण्याची गोष्ट वेगळी आहे. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या ‘करेज’ चाचणीचे निष्कर्ष २००७ साली आले. पुढे भारतासह अनेक देशांतल्या पाच हजारांवर पेशंटवर झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीचे निष्कर्ष २०२० साली छापून आले. दोन्हींचं सार एकच होतं. अशा स्थिर पेशंटला चांगल्या औषधोपचारावर ठेवलं काय किंवा औषधांच्या जोडीला स्टेंटही घातला काय, मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. छातीत वारंवार दुखणाऱ्यांना स्टेंटने आराम जास्त मिळाला. म्हणजे स्टेंट निरुपयोगी नाही. तो कशासाठी घालायचा, हे आधी कळायला हवं. आपल्याकडे होतं असं, की पेशंट अँजिओग्राफीच्या टेबलावर असतो, मुलाला बाहेर बोलावून पडद्यावरचं चित्र दाखवतात आणि ‘ब्लॉक नव्वद टक्के आहे, आत्ताच टाकून घ्यायचा का?’ असं विचारतात. त्या घटकेला नाही म्हणायची छाती कुणाची? २०१७ साली सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली, त्यामुळे लुबाडणुकीला आळा बसला. पण स्टेंट हवा की नको, हा प्रश्न किमतीवर पुरा होत नाही. तो प्रश्न टेबलावर जाण्याच्या आधी, कपडे अंगावर असताना, चहा पिऊन झाल्यावर विचारायचा असतो.

तिसरं रूप म्हणजे माहिती असूनही भीतीपोटी ती न सांगणं. ते आपण सगळ्यांनी कोविडमध्ये भोगलं. २०२१च्या उन्हाळ्यात रेमडेसिव्हिरसाठी लोकांनी रात्र रात्र रांगा लावल्या, काळ्या बाजारात दागिने मोडून इंजेक्शनं घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या आदल्या नोव्हेंबरातच हे औषध सरसकट वापरू नका असं सांगितलेलं होतं. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरला ते माहीत नसेल असं नाही. पण नातेवाइकांना वाटेल की आपण काहीच करत नाही, ही भीती डॉक्टरला होती. आणि आपण हयगय केली असं लोक म्हणतील, ही भीती नातेवाइकांना. दोन भीतींनी मिळून घेतलेला निर्णय होता तो. त्यात आत झोपलेल्या पेशंटला कुणी काही विचारलं नव्हतं.

इथे कायदा काय म्हणतो, ते पाहण्यासारखं आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं एक प्रकरण असं होतं. ४४ वर्षांची अविवाहित बाई तपासणीसाठी म्हणून दुर्बिणीच्या ऑपरेशनला तयार झाली. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. हेतू वाईट होता असं न्यायालयाने म्हटलं नाही. पण शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईने तपासणीला दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना तिच्या ऐवजी आईने दिलेली संमती ही संमतीच नव्हे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. डॉक्टरने काय काय सांगायला हवं, तेही त्याच निकालात आहे: काय करणार आणि कशासाठी, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल. अमेरिकी न्यायालयं जेवढं सांगायची सक्ती करतात तेवढी मात्र न्यायालयाने केली नाही. आपल्याकडची गरिबी आणि आपल्या दवाखान्यांची परिस्थिती पाहून हात जरा आखडता घेतला. त्यावर वाद होऊ शकतो. पण जेवढं दिलं आहे तेवढं तरी आपल्या दवाखान्यांतल्या संमतिपत्रांत कुठे असतं? बारीक टायपात, पुष्कळदा इंग्रजीत, ‘होणाऱ्या परिणामांस मी जबाबदार’ अशा थाटाचा मजकूर असतो आणि खाली सहीची रेघ. गुंठाभर जमीन घेताना सातबारा आणि फेरफार तपासणारा, चारी बाजूंच्या हद्दी स्वतः चालून बघणारा माणूस पोट उघडू देण्याच्या कागदावर न वाचता सही करतो. दोष त्याचा एकट्याचा नाही. तो कागद वाचण्यासाठी लिहिलेलाच नसतो.

हक्कांच्या प्रकरणात आणखीही कामाच्या गोष्टी आहेत. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत त्याचे कागद त्याला द्यावे लागतात. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना पेशंटच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं बंधनकारक केलं. त्यामागे जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांचा कित्येक वर्षांचा रेटा आहे. कायद्याच्या चौकटीत बसणाऱ्या गर्भपातासाठी सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तरी ती सर्रास मागितली जाते. अखेरच्या आजारात व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर ते आधी लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. हे सगळं माहीत असणारे वाचक थोडे असतील, म्हणून ते प्रकरण मुद्दाम दोनदा वाचावं.

मात्र पाश्चात्त्य पुस्तकांत एका खोलीत एक डॉक्टर आणि एक पेशंट बसलेले असतात, तसं आपल्याकडे क्वचितच असतं. आपल्या खोलीत थोरला मुलगा असतो, जावई असतो, मुंबईहून आलेला आणि सगळ्यांत जास्त बोलणारा मामा असतो, फोनवर अमेरिकेतली भाची असते. कधीकधी या सगळ्यांना मिळून एकच गोष्ट हवी असते: ‘डॉक्टर, आबांना सांगू नका.’ त्यात माया असते, हे नाकारता येत नाही. पण आबांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. टाटा हॉस्पिटलची पाटी त्यांनाही वाचता येते. न सांगितल्यामुळे एवढंच होतं, की शेताची वाटणी, धाकटीचं लग्न, घरी मरायचं की दवाखान्यात, यांपैकी कशावरही त्यांना बोलता येत नाही. या पुस्तकाच्या लेखकांचं एक मला फार आवडलं. घरच्यांना बाहेर काढा असं ते म्हणत नाहीत. घर आहे म्हणून तर आपला पेशंट औषध घेतो, पथ्य पाळतो. ते एवढंच सुचवतात, की किती कळायला हवंय आणि कुणाच्या समोर, हे आधी पेशंटला विचारा. ‘मला सगळं सांगा’ हे उत्तर आहे, ‘माझ्या मुलाशी बोला’ हेही उत्तर आहे, आणि ‘तुम्हीच ठरवा डॉक्टर’ हेसुद्धा उत्तर आहे. मात्र ते त्याच्या तोंडून आलेलं असावं.

आता डॉक्टरांची बाजू. मी स्वतः ओपीडी चालवत आलो आहे, त्यामुळे ‘वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न मला परका नाही. वेगवेगळ्या देशांतल्या तपासणीच्या वेळांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वीडनमध्ये डॉक्टर एका पेशंटला सरासरी वीस मिनिटांहून अधिक देतो आणि भारतात सुमारे दोन मिनिटं, असं दिसलं. दोन मिनिटांत नाडी, जीभ, छाती आणि चिठ्ठी. त्यात पर्यायांची चर्चा कुठे बसवायची? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दीडशे पेशंट रांगेत असताना हा प्रश्न उद्धटपणाचा नसतो, हतबलतेचा असतो. तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली म्हणजे, सांगितलेल्यातलं निम्म्याच्या आसपास पेशंट दाराबाहेर पडेपर्यंत विसरतो, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे. तेव्हा जास्त बोलण्यापेक्षा ‘घरी गेल्यावर वहिनींना काय सांगाल?’ असं विचारून घेणं जास्त उपयोगी. पेशंट सांगू लागला की काय पोचलं आणि काय वाटेत सांडलं ते अर्ध्या मिनिटात कळतं. दुसरी गोष्ट, सगळं सांगायचं काम डॉक्टरच्याच गळ्यात कशाला? नर्सताई, आशा, समुपदेशक, चित्रांचं चार पानी पत्रक, हे सगळे ते करू शकतात. पर्यायांची बाजू समजावणाऱ्या अशा पत्रकांवर आणि चित्रफितींवर जगभरात शंभराहून अधिक चाचण्या झाल्या आहेत. ती पाहिलेल्या पेशंटना धोक्यांचा अंदाज अधिक बरोबर येतो आणि आपल्याला काय हवं ते अधिक नीट सांगता येतं, असा त्यांचा एकत्रित निष्कर्ष आहे. मराठीत अशी साधनं फार थोडी आहेत. या पुस्तकाच्या शेवटी दिलेले तक्ते म्हणूनच मला मोलाचे वाटतात. गर्भाशय, गुडघा, प्रोस्टेट, सिझेरियन, मोतीबिंदू अशा नेहमीच्या निर्णयांसाठी एका पानावर पर्याय, दुसऱ्यावर ‘माझ्यासाठी काय महत्त्वाचं’ अशी मोकळी जागा.

या मोकळ्या जागेत पुस्तकाचं मर्म आहे. गुडघ्याची वाटी बदलावी का, याचं अर्धं उत्तर एक्स-रेमध्ये असतं. उरलेलं अर्धं पेशंटपाशी असतं. त्याला वारीला चालत जायचंय की दुसऱ्या मजल्यावरच्या नातवाकडे जाता आलं तरी पुरे आहे, शेतात बसून खुरपायचंय की दुकानात खुर्चीवर बसायचंय. डॉक्टर कितीही निष्णात असला तरी हे त्याला रिपोर्टमध्ये दिसत नाही. म्हणजे अर्धी माहिती एकट्या पेशंटचीच असते असं नाही. न विचारणाऱ्या डॉक्टरचीही अर्धीच असते. दोन अर्धी एकत्र यायची तर दोघांनाही बोलावं लागतं.

पुस्तकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. अपघात, झटका, बाळंतपणातला अचानक रक्तस्राव अशा वेळी पुस्तक बाजूला ठेवायचं आणि डॉक्टर सांगेल ते करायचं. जिथे फसवायचंच ठरवलेलं आहे तिथे चार चांगले प्रश्न विचारून फसवणूक थांबेलच असं नाही; त्याला नियंत्रण आणि कारवाई लागते. आणि जिथे पर्यायच नाही तिथे पर्यायांची चर्चा ही थट्टा ठरते. पिशवी न काढता गोळ्यांनी बरं होईल, हे फडावरच्या बाईला पूर्ण पटलं तरी त्या गोळ्या आणि ती तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळायला हवी, आणि तिथे जाण्यासाठी केलेल्या खाड्याचे पैसे कापले जाता कामा नयेत. माहिती ही सरकारी दवाखान्याच्या जागी बसवायची वस्तू नव्हे. लेखकांनी हे पहिल्याच प्रकरणात मान्य केलं आहे, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसतो.

वाचकांनी हे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे असं नाही. घरात निर्णय समोर आला की त्या पानावर जावं, प्रश्न फाइलच्या मागच्या बाजूला लिहावेत आणि फाइल डॉक्टरांपुढे उलटी ठेवावी. याचा फायदा काय? धोका काय? दुसरं काय करता येईल? आणि काहीच न करता थोडं थांबलो तर? एवढे चार विचारले तरी पुष्कळ झालं. डॉक्टर मित्रांना एक विनंती: एक प्रत वेटिंग रूममध्ये ठेवा. पेशंट वाचून आत आला तर पहिली भेट लांबेल, हे कबूल. पण कशासाठी घेतोय हे कळलेला पेशंट क्षयाच्या गोळ्या दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडत नाही, इन्सुलिनला घाबरून पळत नाही आणि ऑपरेशननंतर काही बिघडलं तर ‘आम्हाला सांगितलंच नव्हतं’ म्हणत काचा फोडायला येत नाही. आज जी दहा मिनिटं वाचवल्यासारखी वाटतात ती पुढे कुणाला तरी भरावीच लागतात, आणि बहुतेक वेळा ती पेशंट भरतो.